दोऱ्यापासून खांद्यापर्यंत

घड्याळजींनी डाव्या अंगठ्यात दोऱ्याचा फास अडकवला आणि पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या लेकीला बजावलं, "कशालाही हात लावायचा नाही. नुसतं बघायचं."

"बघतेय, बाबा." लेकीच्या हातात वृद्धाश्रमाचा भरलेला अर्ज होता. फक्त सही राहिली होती.

गेल्या महिन्यात घड्याळजी पलंगावरून घसरले आणि दीड तास फरशीवर पडून राहिले. बायको दहा पावलांवर, स्वयंपाकघरात होती. पण ती ठार बहिरी. यांनी घसा बसेपर्यंत हाका मारल्या, तिकडे भांडी घासली जात होती. लेकीने मग लाल दिव्याची घंटा आणून लावली. आई कामातून मान वर करेल तर शपथ! मनगटाला बांधायचं थरथरणारं यंत्र आणलं, तर ते ओल्या हातांना नको म्हणून आईने फळीवर काढून ठेवलं आणि ते तिथेच थरथरत बसलं. शेवटी लेक म्हणाली, रविवारी येते. तोवर आईला बोलावायची खात्रीची सोय झाली तर ठीक, नाहीतर तुम्हाला हलवायचं. घड्याळजींचं उजवं अंग गेलं होतं, डोकं आणि डावा हात शाबूत होता. ते हट्टाला पेटले.

त्यांनी दोरा ओढला.

पलंगाच्या डोक्याशी खुंटी सुटली. गोटी पडद्याच्या जुन्या रुळातून गडगडत भिंतीवरून उतरली आणि वाटीत पडली. वाटी कलंडली, तिच्या दोरीने त्यांच्या जुन्या दुकानातल्या घड्याळांच्या रिकाम्या डब्यांमधली पहिली डबी पाडली आणि एकतीस डब्या एकमेकींवर पडत स्वयंपाकघरात गेल्या. शेवटचीने गजराच्या घड्याळाची कळ दाबली, स्प्रिंग सुटली आणि फडकं गुंडाळलेला लाकडी चमचा गर्रकन फिरला. हे सगळं त्यांनी तीन आठवडे पलंगावर, एका हाताने जुळवलं होतं. खिळे बायकोने ठोकले होते, त्यांची बोलणी खात.

"खांद्याला लागला?" त्यांनी विचारलं.

"हवेत फिरला."

"फिरला ना? मग माशी कुठे शिंकली? आई कुठाय?"

"ओट्यापाशी उभी आहे. तुमचा चमचा स्टुलापाशी आहे."

"तिथेच असणार. ती स्टुलावर बसते. बसल्यावर तिचा खांदा सव्वातीन फुटांवर येतो. मापून घेतलंय मी."

लेकीने अर्ज दुमडला, पुन्हा उलगडला. "बाबा, आई स्टुलावर कधी बसते?"

"कधी म्हणजे? चाळीस वर्षं बघतोय."

"तुम्ही दुकानातून जेवायला यायचात तेव्हा. तुम्हाला वाढायचं म्हणून बसायची. तुमची पाठ वळली की उठायची. स्वतः जेवते तीही ओट्याशी, उभ्या उभ्या."

भिंतीवरच्या वीस घड्याळांपैकी एक जरी अडखळलं तरी घड्याळजींना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला कळायचं. आणि हे माहीत नव्हतं. त्यांना लाज वाटली. लाज वाटली की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं, आवाज चढवला. "डब्या उभ्या कर! चमचा ओट्यापाशी ने!"

लेकीने नेला. तोवर आई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेली. चमचा गॅलरीच्या दाराशी लावला, तर आई पिठाचा डबा काढायला आत आली. तिसऱ्यांदाही चमचा हवेतच फिरला.

"हा कसला द्राविडी प्राणायाम, बाबा?" लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला तिकडे ठेवायची मला काय हौस आहे? पण आई काही घड्याळ नाही, एका खिळ्याला टांगलेलं."

"पुन्हा लाव."

"बाबा, पुरे."

"पुन्हा लाव म्हणतो ना!"

आई हात पुसत दाराशी आली. तिने पडलेल्या डब्या बघितल्या, लेकीच्या हातातला अर्ज बघितला. "चुकतंय कुठे?" तिने स्वतःला न ऐकू येणाऱ्या मोठ्या आवाजात विचारलं.

"कुठेच नाही," घड्याळजी तिला ओठ दिसतील असे सावकाश म्हणाले. "तू बसत नाहीस."

"एवढंच ना? मला बस असं आजवर म्हणालं कोण?" मीठ संपलंय हे सांगावं तसं तिने सांगितलं. "आता म्हणताय तर बसते. भाजी बसून चिरते, कपड्यांच्या घड्या बसून घालते. उभ्याची कामं तुमचा डोळा लागला की करेन. चमचा होता तिथे लावा." आणि ती गेली.

"आणि भांडी?" लेकीने पाठमोऱ्या आईला विचारलं आणि कपाळाला हात लावला. मग निमूटपणे एकतीस डब्या उभ्या केल्या, स्प्रिंगला चावी दिली, गोटी वर आणून ठेवली. "बाबा, आता लागला तर भांड्यांना बाई मी बघते. नाही लागला, तर सही करायची. कबूल?"

"कबूल. ती बसलीय?"

लेकीने दारातून डोकावलं. जराशाने तिचा आवाज आला, एकदम हळू. "बसलीय. भिंतीला टेकून. डोळे मिटलेत तिने."

घड्याळजींनी दोरा ताणला.

"ओढा, बाबा."

त्यांनी दोरा सैल सोडला. "थांब," ते म्हणाले. "बसू दे तिला जरा."