एकाहत्तरची तार

युद्धसंग्रहालयाच्या कपाटात उत्कर्षाला एकाहत्तर सालची न पोचलेली तार सापडली. सैनिकाच्या मृत्यूची, त्याच्या बायकोच्या नावे. पत्ता चारदीवारीतला, तटाच्या आतल्या जुन्या शहरातलाच होता. प्रदर्शनात मांडायला परवानगी हवी म्हणून ती स्वतः गेली.

सत्तरीच्या बाईंनी दार उघडलं. दोन्ही हातांत सवाष्णीच्या, लाखेच्या लाल बांगड्या. यांना आता कसं सांगायचं, उत्कर्षाला कळेना. तिने नुसती तार पुढे केली.

"ही मी वाचून पोस्टमनला परत दिली होती," बाई हळूच म्हणाल्या. "सासूबाईंना सांगवलं नाही."

आतून थकलेला आवाज आला, "कोण आहे गं? पोस्टमन आला का?"

बाईंनी तार पदराखाली घेतली.

"नाही आई. मीटर बघायला आल्यात."