टोपलीतला चेंडू

प्रयोगशाळेत ती रोबोंना एकच गोष्ट शिकवायची. एकाने चेंडू टोपलीत ठेवला आणि तो बाहेर गेला. त्याच्यामागे कुणीतरी चेंडू खोक्यात लपवला. परत आल्यावर तो चेंडू कुठे शोधेल? टोपलीत. कारण खरं एक असतं आणि माणसाच्या मनात दुसरंच असू शकतं. एवढं यंत्राच्या गळी उतरवायला तिने जिवाचं रान केलं होतं.

आई गेली त्या आठवड्यात सवयीने तिने चहाचे तीन कप भरले. बाबांनी तिसऱ्या कपाकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "तिचा झाकून ठेव गं. येईल एवढ्यात."

आई गेल्याचंच बाबा विसरले होते. तेव्हापासून ती रोज तिसरा कप भरायची, झाकायची आणि बाबांची पाठ वळली की बेसिनमध्ये ओतून द्यायची.

शेवटी बाबांच्या सोबतीला तिने एक रोबो घरी आणला. बाबांनी त्याचं नाव ठेवलं ठोंब्या. दिवसभर दोघांच्या गप्पा चालायच्या. एका संध्याकाळी तिने त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"ठोंब्या, बाबांना काय वाटतं, आई कुठे आहे?"

"आई वारल्या. बाबांना ते माहीत आहे."

"मग रोज कप कशाला झाकायला लावतात?"



"तुम्ही तीन कप भरता, म्हणून तुम्हालाच माहीत नाही असं त्यांना वाटतं. मला म्हणाले, पोरीला एकदम सांगू नकोस, तिला सोसायचं नाही."