चावरा स्केट

आइस हॉकीच्या सामन्याला वीस मिनिटं उरली होती आणि मृण्मयीच्या पायातला नवा स्केट ऐकायलाच तयार नव्हता. तोंडानं सांगाल तसा सैल किंवा घट्ट होणारा, खास तिच्याच पायासाठी घडवलेला स्केट तो!

"अरे, उजव्या करंगळीला चावतोयस," ती तिसऱ्यांदा म्हणाली.

"तपासलं. मला दात नाहीत," स्केट अदबीनं उत्तरला.

शेजारी बसलेले बापू व्हटकर खो खो हसले. कोल्हापुरात चाळीस वर्षं चपला शिवून आता ते संघाचे स्केट सांभाळत होते. ते खाली वाकले. "बाबा रे, आमच्यात नवी चप्पल चावते. म्हणजे टोचते, घासते. दात लागत नाहीत त्याला."

"समजलं," स्केट म्हणाला. "तर माझीही तक्रार ऐकून घ्या. सकाळपासून यांची करंगळी मला चावतेय."

बापूंनी स्केट उतरवून मोजा काढला. करंगळीचं नख चांगलंच वाढलं होतं. मृण्मयी ओशाळली.

"पोरी," नेलकटर पुढे करत बापू म्हणाले, "दात तुलाच आलेत की गं!"