निळं तेल

सासऱ्यांनी करवतीच्या इंजिनातला पिस्टन ओढून बाहेर काढला आणि दाराच्या उजेडाकडे धरला. एका अंगाला वरपासून खालपर्यंत ओरखडे होते, मांजरानं नखं ओढावीत तसे.

काउंटरच्या आत सूनबाई बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"अर्ध्या फांदीत जाम झाली," झाडं छाटणारा सांगत होता. "करवत फांदीत, मी दोरावर लोंबकळतोय, आणि खाली अख्खी शाळा वर बघतेय. फुकटचा तमाशा! हेडमास्तर म्हणाले, उतरा खाली, आम्ही दुसरा माणूस बघतो. झालं? काय झालंय हो बाबा तिला?"

सासऱ्यांनी टाकीच्या तळाचं उरलंसुरलं पेट्रोल बोटावर घेतलं. बोटाला फिकट निळी झाक आली. त्यांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदाच, आणि बोट फडक्याला पुसून टाकलं.

"माप चुकलं असणार," ते म्हणाले. "तेल कमी पडलंय."

"ऐकलंस?" तो बायकोकडे वळला. ती पायरीवर करवतीची साखळी मांडीवर घेऊन बसली होती. "पेट्रोलात तेल घालायचं, एवढं एकच काम तुझ्याकडे. तेही धड नाही."

"मी रेघेला रेघ लावून घालते." तिनं कमरेच्या पिशवीतून औषधाच्या बाटलीचं एक प्लॅस्टिकचं टोपण काढलं. "पोरांच्या खोकल्याच्या औषधाचं आहे. धुऊन ठेवलंय, त्याला दुसरं काही लावत नाही मी. ताई, तुम्हीच दाखवलं होतं ना, या रेघेपर्यंत? सांगा की यांना."

"हो," सूनबाई म्हणाली. तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

दुकानात सुटं तेल मिळायचं. लाल डब्यातलं करवतीचं, निळ्या डब्यातलं बोटीचं. बोटीचं इंजिन पाण्यानं गार राहतं, त्याला ते निळं पुरतं. करवतीला नुसता वारा, ती भट्टीसारखी तापते. निळं तेल तिथं तग धरत नाही, आणि मग धातूवर धातू घासतो. हे गिऱ्हाइकांना समजावून सांगायची ती सूनबाईच. पण छाटणाऱ्याची बायको तेल न्यायला आली त्या दुपारी बाहेरचा लाल डबा संपला होता. भरलेला डबा आतल्या कोठीत होता, कोठीचं दार कुरकुरणारं होतं, आणि दाराशीच पाळण्यात बाळ होतं. दोन रात्री ताप अंगावर काढून नुकतं कुठं झोपलं होतं. एका बाटलीनं काय होतंय, असं म्हणत तिनं निळं भरून दिलं.

"निळं कसं काय, ताई?" हिनं तेव्हा विचारलंही होतं.

"कंपनीनं रंग बदललाय."

"बरं केलं. लाल बघितलं की मला आपलं रक्तच आठवतं," असं म्हणून ती हसली होती आणि बाटली पदराआड धरून घेऊन गेली होती.

"रेघेला रेघ म्हणे," नवरा म्हणाला. "करवत काय खोटं बोलते? उद्यापासून तू घरी बस. फांद्या ओढायला मी भावाला घेतो."

टोपण उजेडात धरून बायको रेघा बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "असेल. उन्हातून आलं की डोळ्यांपुढं रेघा हलतात कधीकधी. माझंच चुकलं असेल." आणि काउंटरकडे बघून, ओशाळं हसून, "माफ करा हं ताई. उगाच तुम्हाला मध्ये ओढलं."

सूनबाईच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ती माफी अंगावर उकळतं पाणी पडावं तशी पडली.

"रंग बदलला नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"सूनबाई," सासरे म्हणाले.

"कंपनीनं रंग बदलला नव्हता. ते बोटीचं तेल होतं. करवतीचं कोठीत होतं, आणि दार उघडलं असतं तर हा उठला असता, म्हणून मी..." तिनं बाळाचं डोकं उगाचच झाकलं. "तुमचं माप बरोबर होतं. पहिल्यापासून बरोबर होतं. मला माहीत होतं आणि मी गप्प उभी राहिले."

सासरे पाना शोधायला खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले.

आता छाटणारा तोंडाला येईल ते बोलणार, म्हणून सूनबाईनं मान खाली घातली. बोलू दे. बोलायलाच हवं.

झाडं छाटणाऱ्यानं डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं. बाळाकडे बघितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला.

"असू द्या, ताई. मनाला लावून घेऊ नका. लेकरू अंगावर असलं की होतं असं." तो समजुतीनं हसलासुद्धा. "शेवटी माणूसच आहे. चुकायचंच."

पायरीवरून त्याच्या बायकोनं वर पाहिलं.

"मग मगाशी मी कोण होते?"