सहा फटक्यांची सूट

“सूनबाई, किती फटक्यांची सूट देऊ?” अप्पांनी ऐटीत विचारलं. गोल्फमध्ये सरस खेळाडूनं समोरच्याला सूट द्यायची असते, आणि अप्पा तर क्लबचे जुने सभासद.

“आधी माझा हँडिकॅप बघा.”

“क्लबची सभासद नसताना कसला हँडिकॅप?”

मृदुलानं मोबाइल पुढे केला. सार्वजनिक मैदानावरच्या प्रत्येक फेरीचं सही केलेलं स्कोअरकार्ड तिनं वर्षभर गोल्फ संघटनेकडे पाठवलं होतं. हँडिकॅप तिथूनच मिळाला होता, सोळा.

अप्पांचा बावीस होता. आणि हा आकडा जितका कमी, तितका खेळ चांगला. अप्पांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“म्हणजे सूट मी द्यायची, अप्पा. सहा फटके.”

अप्पा व्हरांड्यात चहा पीत बसलेल्या मित्रांकडे बघून ओरडले, “अरे, उठा सगळे! माझी सून मला सूट देतेय!”