उशाशी कोण होतं

“आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होतो,” भाऊ माइकमध्ये म्हणाला, आणि पहिल्या बाकावर बसलेल्या ताईला हसू फुटलं. तिने ते खोकल्यात लपवलं.

भावाचा आवाज भरून आला. म्हणजे त्याने तो आणला. विमा कंपनीच्या बैठकांमध्ये हा आवाज त्याला फार उपयोगी पडत असे. आई म्हणजे श्रद्धेचा दीपस्तंभ, तो म्हणाला. आई म्हणजे प्रार्थनेचा झरा. नातवंडं तिने विणलेल्या स्वेटरांच्या उबेत वाढली. ताई ऐकत होती. स्वेटर आई दर वर्षी विणायची, हे खरं. पण गेल्या सहा वर्षांत तिला नातवंडं दिसली ती फोटोत. फोटो नाकाशी धरून ती अंदाजाने मापं घ्यायची. ताई पोस्टात पार्सल टाकून यायची. मग भावजयीचा निरोप यायचा, ‘मुलांना घट्ट होतात.’

स्मरणसभेला चर्चचा हॉल भरला होता. आईने चाळीस वर्षं इथल्या रविवारच्या शाळेत मुलांकडून वचनं पाठ करून घेतली होती. ती मुलं आता टकली झाली होती आणि चष्मे काढून डोळे पुसत होती. त्यातले निम्मे चष्मे ताईच्या हातचे. चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम ती करायची. त्या रडण्याचंही तिला काही वाटलं नाही. आई चौदा महिने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा यातले कितीजण दोन जिने चढून आले होते? पाळकसाहेब तेवढे यायचे, तेही एक डोळा घड्याळावर ठेवून.

आणि खरं सांगायचं तर आईबद्दलही तिच्या मनात फार आदर उरला नव्हता. आई रोज संध्याकाळी प्रार्थनेला गुडघे टेकायची. गुडघे गेले तेव्हा पलंगावर बसून हात जोडायची. प्रार्थनेत पहिलं नाव ठरलेलं. प्रभू, माझ्या सोन्याला सांभाळ. सोन्या म्हणजे हाच, माइक धरलेला. अंघोळ घालणारी, भरवणारी, कूस बदलणारी शेजारीच उभी असायची. तिचा नंबर अगदी शेवटी, खालच्या मजल्यावरच्या दमेकरी म्हातारीच्याही नंतर. इतकी भाबडी बाई ताईने दुसरी पाहिली नव्हती.

शेवटच्या दिवशी तर कहर झाला. हॉस्पिटलात दुपारी वॉर्डातले मामा उशी सारखी करायला आले. पेशंटना उचलायचं, खुर्चीत बसवून न्यायचं काम करणारा हा पन्नाशीचा माणूस. आईने त्यांचा हात घट्ट धरला.

“सोन्या, आलास?”

मामांनी ताईकडे पाहिलं. मग “हो, आई,” म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोटच्या पोरात आणि परक्या माणसात फरक कळू नये? त्यावर आईचा हुकूम सुटला, “सोन्यासाठी चहा आण.” ताईने दातओठ खात तोही आणला. ती परत आली तरी तो हात सुटला नव्हता. तासाभराने आई गेली. मामांचा हात हातात धरूनच गेली. जाताना ताईकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“आता ताई दोन शब्द बोलेल,” भाऊ म्हणाला आणि मोठ्या मनाने माइक पुढे केला.

ताई तयारीनेच आली होती. आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन तिने मामांना निमंत्रण दिलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. आज सगळ्यांदेखत भावाचं पितळ उघडं पडलं की झालं. त्यानंतर त्याचं तोंड पाहायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

“मी काही बोलणार नाही,” ती म्हणाली. “मामा, पुढे या. आई गेली तेव्हा तिच्या हातात कोणाचा हात होता, तेवढं मंडळींना सांगा.”

भावाचा चेहरा खर्रकन उतरला. बाकांवर कुजबुज झाली. मामा सावकाश पुढे आले आणि त्यांनी माइकवर तळवा ठेवला.

“ताई, त्यांनी मला ओळखलं होतं,” ते हळूच म्हणाले.

“काय ओळखलं? सोन्या म्हणत होती ती तुम्हाला.”

“तुम्ही चहा आणायला गेलात ना, तेव्हा मी सांगितलं, आई, मी वॉर्डातला मामा. त्या म्हणाल्या, ‘ठाऊक आहे रे. माझा असता तर इतका वेळ टेकला असता का?’” मामा अडखळले. “म्हणाल्या, ‘पण तू हो म्हणत राहा. मी त्याची वाट बघत गेले असं पोरीला वाटलं, तर ती त्याला कायमचा तोडेल. मग माझ्यामागे हिला आहे कोण?’”

हॉल वाट पाहत होता. पाळकसाहेब दोनदा खाकरले. ताईने भावाकडे पाहिलं. तो अर्धवट उघड्या तोंडाने घाम पुसत होता. शोभणारा रुमालही त्याने आजच्यासाठी मुद्दाम निवडला होता. तिला त्याच्याबद्दल काडीचंही प्रेम वाटलं नाही.

तिने मामांचा हात माइकवरून बाजूला केला.

“गाडी संध्याकाळची आहे ना तुझी?” ती भावाला म्हणाली. “मग घरी चल. जेवून जा.”