मोहावरचं बांडगूळ

"थांबा, काका! कोयता लावू नका!"

रुचिता धुऱ्यावरून अशी धावली की एक चप्पल धानाच्या बांधीतच राहिली. मोहाच्या फांदीवर बसलेला तुलाराम खाली बघून हसला.

"बांडगूळ आहे बाई हे. झाडाचा रस पेते. मोहं वेचाच्या आंधी काढा लागते."

"बांडगूळ नाही ते. ऑर्किड आहे."

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तशी ऑर्किडची बरीचशी रानंही तिकडे गेली. भंडाऱ्याच्या वाट्याला उरलेली शोधत ही वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका लाखांदूरपासून गावोगाव हिंडत होती. ही पानं तिच्या ओळखीची नव्हती. पण ऑर्किडची जात काही पानावरून कळत नाही. फुलाचा ओठ आणि परागाचे गोळे पाहावे लागतात. इथे तर कळी नुकती धरली होती. ती उमलली तर कदाचित नवी जात, नाहीतर नुसता पालापाचोळा.

तुलारामने कोयता मांडीवर ठेवला. "मंग खाते काय हे?"

"हवेतली वाफ आणि पावसाचं पाणी. ती पांढरी मुळं बघा, स्पंजासारखी पितात. यांचे पूर्वज जमिनीवरचेच. रानात उजेड मिळेना, म्हणून काही झाडावर चढले आणि लाखो वर्षांत तिथलेच झाले."

"अन् झाडाचं काहीच नाही घेत?"

"फक्त बसायला जागा."

"पक्कं?"

"अगदी पक्कं."

तुलाराम सरसर खाली उतरला. माणसाला कुतूहल असावं तर असं, रुचिताला वाटलं. कॉलेजातली पोरं तर प्रश्नाआधी जांभई देतात.

"घरी चाला, मॅडम. हे सगळ्यायले सांगा लागते."

घरी जेवणाची वेळ झाली होती. सत्यभामाबाई, त्याची बायको, ताटं वाढत होती. तुलारामने शेजारच्या जनाबाईंनाही हाक मारली. खाटेवरच्या म्हाताऱ्या जागेश्वरजींना कमी ऐकू येई, म्हणून रुचिताने सगळं पुन्हा ओरडून सांगितलं. 'बांडगूळ नाही' म्हटलं की तुलाराम जोरात मान डोलवी आणि जनाबाई पदराआड हसत. का, ते तिला कळेना.

"ऐकलं ना, मामाजी?" तुलाराम म्हणाला. "शिकलेल्या मॅडम सांगून राहिल्या. घरजावई होऊन आलो तवापासून मले बांडगूळ म्हनता. आता बंद करा."

आपण कुणाचं वकीलपत्र घेतलंय ते रुचिताला आत्ता उमगलं. म्हणजे झाडही सासऱ्याचंच. ते चिडले तर कळी गेली!

जागेश्वरजी खाटेवर उठून बसले.

"राहू दे पोरी तुहं फूल झाडावर," ते म्हणाले. "अन् याले पन बांडगूळ नाही म्हनत आजपासून."

मग ते लेकीकडे वळले.

"सत्यभामे, याचं ताट उचल. हवेवर जगते तो."